दाराबाहेरची खुर्ची

हॉस्पिटलातली नोकरी संपून सहा वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. भाजीवाला म्हणे, बँकेतला कॅशियर म्हणे, एवढंच काय, सख्खा जावईसुद्धा सिस्टरच म्हणे. लहान मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेली बाई. आज मिशा फुटलेल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली होती. त्यामुळे निधीच्या निवड समितीवर साध्या नागरिकांतून एक माणूस घ्यायचं ठरलं, तेव्हा दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही.

निधी म्हणजे गावातल्या लोकांनी मिळून उभं केलेलं गाठोडं. कुणी आईच्या आठवणीत टाकलेले, कुणी धंदा बरा चालला म्हणून टाकलेले पैसे. त्यातून दरवर्षी मुलांसाठी आणि अडल्यानडल्या घरांसाठी काम करणाऱ्या पाच छोट्या संस्थांना मदत जायची. पाच का, तर सहाव्याला पुरत नसे म्हणून.

पूर्वी समितीवर एक कंत्राटदार होते. त्यांच्या साडूच्या क्रीडा मंडळाला सलग तीन वर्षं मदत मिळाली, आणि मंडळात खेळताना दिसायचे ते फक्त साडूचे मित्र. तेव्हा सिस्टरांनीच भर बैठकीत विषय काढला. ज्याचा एखाद्या संस्थेशी घरचा संबंध असेल, त्याने तिची चर्चा सुरू झाली की बाहेर जाऊन बसायचं. गुण द्यायचे नाहीत आणि तिच्याबद्दल बोलायचं नाही, खोलीत नाही आणि खोलीबाहेरही नाही. नियम एकमताने झाला. कंत्राटदार रागावून यायचे बंद झाले. सिस्टरांना त्या दिवशी घरी जाताना, वॉर्डातलं एखादं पोर तापातून उठल्यावर वाटायचं तसं हलकं वाटलं होतं.

तेव्हा ठमी वर्षाची होती. न बोलणारी एक वर्षाची मुलगी कुणाला खटकत नाही.

ठमी ही सिस्टरांची नात. गुबगुबीत, शांत, स्वतःच्याच नादात. दोन वर्षांची झाली तरी शब्द नाही. "काही मुली उशिरा बोलतात, मग थांबतच नाहीत," असं शेजारणी म्हणाल्या. अडीच वर्षांची झाली. तिला पाणी हवं असलं की ती आईचं मनगट धरून ओढत न्यायची आणि माठाजवळ सोडून द्यायची. तोंडाकडे बघायचीच नाही. सिस्टरांनी असली मुलं पाहिली होती. त्यांना कळलं होतं, आणि लेकीला कसं सांगावं हे कळत नव्हतं. शेवटी लेकच एक दिवस म्हणाली, "आई, तू इतरांच्या मुलांना बघून लगेच सांगतेस. माझ्या मुलीचं का नाही सांगत?"

त्यानंतर बोलघर. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, जिना अरुंद, खालून सतत हातोडीचा ठोका. तिथे एक बाई उशिरा बोलणाऱ्या आणि न बोलणाऱ्या मुलांना शिकवत. मुलांना कमी आणि आईबापांना जास्त, असं त्या स्वतःच म्हणायच्या. "मूल माझ्याकडे आठवड्यातून दोन तास असतं. बाकीचा आठवडा कुणाकडे असतो? तुमच्याकडे. मग आधी तुम्ही बोलायला शिका." बाईंचं शिक्षण मोठ्या शहरातलं, पण राहिल्या इथे. त्यांचा पगार आणि खोल्यांचं भाडं निधीच्या मदतीतून निघत असे. घेतलेली फी चहापुरती.

आठ महिन्यांत ठमीचे सात शब्द झाले. "दे", "नको", "पा" म्हणजे पाणी, "आऊ" म्हणजे काहीही दुखलं तर, आणि असेच आणखी तीन. लेकीने ते कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवले होते. सातवा शब्द आला त्या दिवशी जावयाने कामावरून फोन करून सिस्टरांना सांगितलं.

त्या वर्षी निधीकडे चौदा अर्ज आले. सिस्टरांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरले आणि एकेक वाचून गुण द्यायला घेतले. नववा अर्ज बोलघराचा होता. त्यांनी तो लगेच पालथा ठेवला, चहा करून घेतला, आणि मग राहवेना म्हणून उघडून वाचला. वाचायला बंदी नव्हती.

बाईंनी सगळं खरं लिहिलं होतं, आणि तिथेच घात झाला होता. 'या वर्षी किती मुलांना लाभ झाला' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: अकरा मुलं, पैकी तीन बोलू लागली.

बाईंच्या हिशेबी 'बोलू लागली' म्हणजे वाक्य बोलू लागली, अनोळखी माणसाला कळेल असं. सात शब्दांची ठमी त्या तिघांत नव्हतीच. डोकं भिंतीवर आपटायचं थांबलेला मुलगा नव्हता. हाक मारल्यावर पहिल्यांदा मान वळवणारी जुळी नव्हती. हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यालाच कळणार. कागदावर मात्र दिसत होतं की वर्षभर पैसे खाऊन अकरातली तीन.

अर्ज भरायची मुदत संपली होती. बाईंना फोन करून 'जरा नीट लिहा' म्हणणं म्हणजे कंत्राटदारांच्या रांगेत जाऊन बसणं. सिस्टरांनी गुणांच्या तक्त्यात बोलघरासमोर रेघ मारली आणि 'संबंध आहे' असं लिहिलं. मग दहावा अर्ज उघडला.

तो होता हॉस्पिटलाजवळच्या निवाऱ्याचा. बाहेरगावहून मुलांना घेऊन आलेल्या आईबापांना झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण. सिस्टरांनी तीस वर्षं पाहिलं होतं, बाया खाटेखाली चादर पसरून झोपत आणि राउंडच्या वेळी उठून भिंतीला चिकटून उभ्या राहत. त्यांनी निवाऱ्याला दहापैकी दहा दिले. खोटे दिले नाहीत.

बैठकीच्या आदल्या दिवशी लेक म्हणाली, "उद्या आहे ना तुमची मीटिंग? बाईंना सांगितलंय मी, काळजी करू नका, आमची आई आहे तिथे."

"अगं, मी बाहेर बसणार आहे त्या वेळी."

"बस गं. पण आत-बाहेर करताना चार शब्द बोलशीलच की."

"नाही बोलणार."

लेक हसली. आईचा स्वभाव तिला माहीत होता, तरी आई तो इथवर ताणेल असं तिला वाटलं नाही.

निधीचं ऑफिस जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. लांब टेबल, सहा खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. अध्यक्ष वकीलसाहेब, त्यांच्या बाजूला सेक्रेटरी, समोर औषधांच्या दुकानाचे मालक, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि सिस्टर. कंत्राटदारांची खुर्ची रिकामीच असे. बाकीचे तेरा अर्ज झाले, आणि शेवटी राखून ठेवलेला बोलघराचा आला तशा सिस्टर उठल्या. मुख्याध्यापिकांनी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं, आजारी माणसासाठी धरतात तसं.

बाहेर व्हरांड्यात एक प्लास्टिकची खुर्ची होती. शिपाई मामा स्टोव्हवर चहा ठेवत होते.

"काय सिस्टर, आज तुम्ही वर्गाबाहेर? गृहपाठ नाही केला?"

"केलाय मामा. म्हणूनच बाहेर काढलंय."

मामा हसले आणि कप पुसायला लागले. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. वकीलसाहेबांचा जाड आवाज, मग मुख्याध्यापिकांचा, मग बराच वेळ पंखाच. सिस्टरांनी भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवरची देणगीदारांची नावं वाचली. खालून वर पुन्हा वाचली. वॉर्डात ऑपरेशनच्या दाराबाहेर बसणाऱ्या आयांना त्या सांगत असत, "इथे बसून काही होणार नाही, जरा खाऊन या." आपण किती मूर्खासारखं बोलत होतो, असं त्यांना आज वाटलं.

दार उघडलं. औषधवाले फोन कानाला लावून बाहेर आले, "पाठवून दे, बिल नंतर बघू" म्हणाले आणि फोन बंद केला. आत न जाता ते सिस्टरांजवळ येऊन उभे राहिले. सरळ माणूस, गरिबाला अर्धी पट्टीही कापून द्यायचा.

"सिस्टर, तेवढं एक सांगा. अकरातली तीनच पोरं बोलायला लागली म्हणतात. आता हे कमी, की अशा कामात हेच खूप? आम्हा चौघांनाही कळेना. तुम्ही वॉर्डात होतात, तुम्हाला कळणार."

सिस्टरांच्या जिभेवर वाक्य तयार होतं. 'तीन म्हणजे खूप आहे हो, आणि उरलेली आठही पुढे सरकलीत.' एवढंच. मामा पाठमोरे होते. दार लोटलेलं होतं. औषधवाल्यांनी आत जाऊन तेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं असतं, आणि कुणाला पत्ता लागला नसता.

"मला विचारू नका," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, मत नाही विचारत. माहिती विचारतोय."

"तरी नको. बाईंना फोन करून विचारा ना. नंबर अर्जात आहे."

"आता? पाच मिनिटांत ठरवायचंय."

"पाच मिनिटं पुष्कळ आहेत. एवढं करा."

औषधवाल्यांनी मान डोलावली आणि ते आत गेले. सिस्टरांनी पदर घट्ट धरला होता, तो सोडला. चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला आणि तसाच निवू दिला.

वीस मिनिटांनी त्यांना आत बोलावलं. चार संस्था सहज ठरल्या होत्या. पाचव्या जागेसाठी निवारा आणि बोलघर समोरासमोर आले होते. औषधवाल्यांनी फोनचं काढलं होतं, पण वकीलसाहेब म्हणाले, एकाला फोन केला तर चौदाही जणांना करावा लागेल. तेही खरंच. मग गुणांची सरासरी बघितली. निवारा अर्ध्या गुणाने पुढे होता.

"तुमचे दहा होते निवाऱ्याला," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "त्यानेच वर गेला."

सिस्टरांनी इतिवृत्तावर सही केली. पत्रं जाईपर्यंत, म्हणजे दहा दिवस, कुणी काही बोलायचं नाही, हाही नियम होता.

ते दहा दिवस त्या मूग गिळून राहिल्या. लेक विचारी, "काही कळलं?" त्या म्हणत, "पत्र येईल." लेकीला वाटे, आई मुद्दाम ताणतेय, बातमी चांगली आहे. तिने पुढच्या वर्षासाठी मंगळवार आणि शुक्रवारची अर्ध्या दिवसाची रजा ऑफिसात मागून ठेवली. साहेबांच्या हातापाया पडून मिळवली होती ती. सहाव्या दिवशी ठमीने गरम दुधावर फुंकर मारून "फू" म्हटलं, आणि कपाटावर आठवा शब्द चढला. लेकीने सिस्टरांना मिठी मारली. सिस्टर तशाच ताठ उभ्या राहिल्या.

"आई, तुला आनंद नाही झाला?"

"झाला गं. झाला."

पत्र बाईंना मिळालं त्या संध्याकाळी लेक सरळ सिस्टरांच्या घरी आली. चप्पलही काढली नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"दहा दिवस?"

"हो."

"आणि तू काही बोलली नाहीस. तिथे तरी?"

खोटं बोलता आलं असतं. सिस्टरांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. व्हरांडा, औषधवाले, त्यांचा प्रश्न, आपलं उत्तर. निवाऱ्याचे दहा गुणही सांगितले. लेक उभ्यानेच ऐकत होती.

"एक वाक्य होतं आई."

"हो."

"त्याने विचारलं. तू नव्हतीस गेली सांगायला, तो आला होता. आणि तू एक वाक्य बोलली नाहीस."

"नियम मीच केला होता गं. दुसऱ्याला लावायचा आणि स्वतःवर आलं की…"

"नियम साडूसाठी होता! ठमी काय साडू आहे?"

सिस्टरांकडे उत्तर होतं, पण ते या खोलीत चालणारं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लेक रडली नाही. रडली असती तर सिस्टरांना काय करायचं ते माहीत होतं. ती फक्त म्हणाली, "तुला तुझं नाव स्वच्छ ठेवायचं होतं," आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर राजीनामा लिहून सेक्रेटरींकडे गेल्या.

"पुढच्या वर्षी बोलघराचा अर्ज येईल," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी समितीवर नसले तर निदान चार शब्द बोलता येतील मला."

सेक्रेटरींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सिस्टर, अर्ज करणार कोण? बाईंचा फोन आला होता. दुसऱ्या शहरात हॉस्पिटलात नोकरी घेतलीय त्यांनी. महिनाअखेरीस खोल्या सोडतायत."

"इतक्या लवकर?"

"त्यांचंही घर आहे. किती दिवस बिनपगारी राहतील?" त्यांनी कागदाकडे पाहिलं. "आणि तुम्ही गेलात, तर दुसरी खुर्ची रिकामी. भरायलाच लागेल. कंत्राटदार परत यायला तयार आहेत, माणूस पाठवला होता त्यांनी."

इकडे आड, तिकडे विहीर. सिस्टरांनी राजीनाम्याची घडी घातली आणि तो पर्समध्ये परत ठेवला.

आईबापांनी काही केलं नाही असं नाही. दोघी आया नगरपालिकेत जाऊन आल्या. तिथे सांगितलं की असा विभागच नाही. सायकलवाला म्हणाला, एक महिना भाडं नको. जावयाने ऑफिसात पत्रक फिरवलं. सगळं मिळून बाईंचा दीड महिना निघाला असता. बाईंनी नको म्हटलं. "दीड महिन्यानं पुन्हा हेच होणार. मुलांना दोनदा कशाला सवय मोडायला लावायची?"

शेवटच्या दिवशी सिस्टर स्वतः ठमीला घेऊन गेल्या. लेकीनेच निरोप पाठवला होता: 'मला रजा नाही, तू नेशील का.' बाई खोक्यात लाकडी ठोकळे भरत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि सिस्टरांना तो असता तर बरं वाटलं असतं.

"बाकीच्या आठांचं का नाही लिहिलंत अर्जात?" सिस्टरांनी विचारलं. आता विचारायला हरकत नव्हती.

"रकाना एवढासा होता," बाई म्हणाल्या. बोटांत चिमूटभर अंतर धरून दाखवलं. "आणि लिहिणार काय? की अमक्याने मान वळवली? वाचणारे हसले असते."

"मी नसते हसले."

"तुम्ही बाहेर होतात ना."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. जसं होतं तसं म्हटलं. मग त्यांनी ठमीला जवळ घेतलं, तिच्या डोळ्यांच्या रेषेत आपला चेहरा आणला आणि टाटा केलं. ठमीने ठोकळ्यांच्या खोक्याकडे बोट दाखवून "दे" म्हटलं. बाईंनी तिला एक निळा ठोकळा दिला. तिने तो परत खोक्यात टाकला आणि पुन्हा म्हणाली, "दे." तिला खेळ वाटला. बाई देत राहिल्या.

पुढच्या मंगळवारी ठमी सिस्टरांचं बोट धरून सायकलच्या दुकानापाशी आली आणि जिना चढू लागली. सिस्टरांना वाटलं, एकदा बघू दे, म्हणजे समजेल. वर दाराला कुलूप होतं. ठमीने सिस्टरांचं मनगट धरलं, ओढून कुलपापाशी नेलं आणि सोडून दिलं. तोंडाकडे पाहिलं नाही. सिस्टर तिच्या उंचीला वाकल्या, बाईंनी शिकवल्यासारखं तिच्या डोळ्यांपुढे आपला चेहरा आणला. "बंद," त्या म्हणाल्या. "बाई गेल्या. बंद." मग गप्प राहून मनात दहा आकडे मोजले. ठमीने पुन्हा मनगट धरलं. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी सिस्टरांनी तिला उचलून खाली आणलं, आणि ती रस्ताभर ओरडत राहिली. त्या ओरडण्यात आठातला एकही शब्द नव्हता.

याला आता तीन वर्षं झाली. निवारा चांगला चालतो. सिस्टर एकदा बघून आल्या. वीस खाटा, स्वच्छ मोऱ्या, दारात चपलांची ओळ. एका बाईने त्यांना ओळखलं आणि हात धरून आत नेलं. निधीच्या अर्जात सिस्टरांनी एक मोठा रकाना वाढवून घेतला: 'ज्यांच्यात दिसण्यासारखा फरक पडला नाही, त्यांचं काय झालं ते सविस्तर लिहा.' बहुतेक संस्था तिथे लिहितात, 'प्रगती समाधानकारक.'

ठमी मोबाइलवर आठवड्यातून एकदा लांबच्या एका शिक्षिकेकडे शिकते. शाळेत ती एक इयत्ता मागे आहे. लहान वाक्यं बोलते. घरच्यांना सगळं कळतं, बाहेरच्यांना अर्धं. बोलघर राहिलं असतं तर याहून बरं झालं असतं का, हे कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित एवढंच झालं असतं. सिस्टरांनी तेच वाक्य वॉर्डात कितीतरी आयांना सांगितलं होतं, त्यामुळे त्यात किती अर्थ असतो ते त्यांना ठाऊक आहे.

लेक सिस्टरांशी नीट वागते. औषधं आणून देते, वाढदिवसाला साडी आणते. फक्त ठमीचं काही सांगत नाही. पूर्वी नवा शब्द आला की पहिला फोन इकडे यायचा. आता सिस्टरांनी विचारलं, तर "बरी आहे" म्हणते, शेजारणीला सांगावं तसं.

मागच्या आठवड्यात जावई गॅसची नळी बदलून द्यायला आला होता. हात धुता धुता सहज म्हणाला, "परवा शाळेच्या कार्यक्रमात ठमीने गाणं म्हटलं, सिस्टर. स्टेजवर, एकटीने."

सिस्टर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. जावयाच्या लक्षात आलं, की यांना माहीतच नव्हतं.

"तुम्हाला कळवायचं राहिलं वाटतं," तो म्हणाला. "गडबडीत विसरली असेल ती."

"असेल," सिस्टर म्हणाल्या. मग विचारलं, "गाणं कुठलं होतं?"

जावयाने टॉवेल घेतला, हात पुसत आठवून पाहिलं.

"लक्षात नाही हो. पण शेवटपर्यंत म्हणाली."